नवा ट्रॅव्हल ट्रेलर, आणि वॉरंटीच्या कामासाठी महिनोन्महिने वाट : डीलरच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला २ स्टार

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, आम्हाला मनापासून आवडलाय हे आधीच सांगते, म्हणून तर एवढा जीव जळतोय. लेआउट छान आहे, मुलांना बंक आवडलेत, मागे ओढताना गाडी डगमगत नाही. पण नवाकोरा ट्रेलर घेऊन पहिल्या सीझनचा बराचसा काळ तो डीलरच्या मागच्या यार्डात उभा राहिला, आणि हा रिव्ह्यू त्याबद्दलच आहे.

तक्रारी तीन होत्या. स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) आत घेताना एक बाजू पुढे जायची आणि दुसरी अडकायची, फर्नेस (आत ऊब देणारा हीटर) सुरू होऊन लगेच बंद पडायचा आणि सगळ्यात वाईट म्हणजे डायनिंगच्या खिडकीतून पाणी आत येत होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर खिडकीखालचं पॅनल अंगठ्याने दाबून बघितलं तर चक्क आत गेलं, वरचा छापील कागद फुगलेला आणि आतलं प्लाय मऊ पडलेलं. ट्रेलरमध्ये पाणी शिरणं याच्याइतकं वाईट काही नाही, कारण ते दिसायला लागतं तोपर्यंत भिंतीत बरंच आत गेलेलं असतं आणि लॅमिनेटेड, म्हणजे थर चिकटवून केलेली भिंत असेल तर फायबरग्लास सुटून बाहेरून फुगे यायला लागतात. असं काम खरंतर रांगेत सगळ्यात पुढे घ्यायला हवं. ते रांगेत आलं तसंच लावलं गेलं, आणि माझा मुख्य राग यावरच आहे.

फोन केला की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गोड बोलायचे, "मॅडम, क्लेम पाठवलाय, अप्रूव्हलची वाट बघतोय." पुढच्या वेळी "पार्ट बॅकऑर्डरवर आहे," म्हणजे स्टॉकमध्ये नाही, मागवलेला यायचाय. त्यापुढच्या वेळी पार्ट आलाय पण टेक्निशियनचा स्लॉट नाही. शेवटी मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की हे चालतं कसं. डीलर आधी फोटो काढून कंपनीला पाठवतो, कंपनी ठरवते की काम वॉरंटीत बसतं का आणि त्याला किती तासांची मजुरी द्यायची, मग पार्ट मागवायचा, तो आला की परत तारीख. वर ट्रेलर बांधणारी कंपनी सगळं स्वतः बनवत नाही, फर्नेस एकाचा, स्लाइडची यंत्रणा दुसऱ्याची, आणि प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, म्हणजे ट्रेलर एक पण क्लेम तीन आणि तिघांची उत्तरं तीन वेगवेगळ्या वेळी. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, खिडक्या-दारं-चासी बनवणारे कितीतरी सप्लायरही तिथलेच, पण म्हणून आपल्या डीलरकडे पार्ट लवकर पोचतो असं अजिबात नाही.

आणि एक गोष्ट काउंटरवर कोणी सांगत नाही. वॉरंटीच्या कामाला कंपनी जेवढे तास मंजूर करते तेवढेच पैसे डीलरला मिळतात, रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून जास्त सुटतात. त्यात वसंतात सगळे एकदमच ट्रेलर बाहेर काढतात तेव्हा वर्कशॉप तुंबलेलं असतं, मग मागे कोण राहणार ते उघड आहे. टेक्निशियन कमी आहेत हे मला मान्य आहे, पण लोन आणि इन्शुरन्सचे हप्ते काही थांबत नाहीत ना त्या काळात.

टेक्निशियनबद्दल मात्र एक वाईट शब्द नाही काढणार. ज्या दिवशी काम झालं त्या दिवशी मी तिथेच उभी होते, त्या मुलाने खिडकीची फ्रेम काढून मला बोलावून दाखवलं, ब्युटाइल टेप, म्हणजे फट बुजवणारी चिकट पट्टी, कोपऱ्यापर्यंत गेलेलीच नव्हती, दोन बोटं जागा उघडी होती आणि पाणी तिथूनच येत होतं. जुनी टेप खरवडून काढली, मॉइश्चर मीटर लावून भिंतीत ओल कुठवर गेलीय ते बघितलं, पॅनल बदललं, नवीन टेप लावून खिडकी बसवली, वरून सीलंट. जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू केलं आणि संध्याकाळच्या आत संपलं. एवढ्याशा कामासाठी आमचा उन्हाळा गेला!! फॅक्टरीत टेप थोडी पुढे लावली असती किंवा डिलिव्हरीच्या आधी डीलरने प्रेशर टेस्ट केली असती, म्हणजे ब्लोअरने आत हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी मारायचं, फट असेल तिथे बुडबुडे येतात, तर हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं. नवीन घेणाऱ्यांनी ही टेस्ट करून मागाच, आणि सही त्यानंतरच करा.

वॉरंटीत अडकलेल्यांना एकच कळकळीने सांगते, पार्ट हातात आल्याशिवाय ट्रेलर त्यांच्याकडे सोडू नका. फोटो काढू द्या, क्लेम टाकू द्या आणि ट्रेलर घरी आणा, नाहीतर तो यार्डात नुसता उभा राहतो आणि तुम्ही फोन करत बसता. पाण्याची गळती असेल तर तेवढ्यापुरतं सील लगेच करून मागा, खरं काम नंतर. वर्क ऑर्डरवर तक्रार आणि तारीख लेखी घ्या, कारण कितीतरी ट्रेलरची मुख्य वॉरंटी एकाच वर्षाची असते आणि वाट बघण्यातच ती संपू शकते. घरी येऊन काम करणारे मोबाइल टेक्निशियनही असतात, कंपनीकडून आधी लेखी मंजुरी मिळाली तर त्यांच्याकडून करून घ्या, आमची स्लाइड शेवटी तशीच दुरुस्त झाली, आमच्या दारात, आणि एकदम व्यवस्थित. कायद्याचं म्हणाल तर बऱ्याच राज्यांतले लेमन लॉ, म्हणजे सदोष नवी गाडी बदलून किंवा पैसे परत मिळवून देणारे कायदे, ओढून न्यायच्या ट्रेलरला लागूच होत नाहीत, पण १९७५ चा मॅग्न्युसन-मॉस वॉरंटी अ‍ॅक्ट लेखी वॉरंटीला लागू आहे आणि त्यात केस जिंकलात तर वकिलाची फी कोर्ट समोरच्याला भरायला लावू शकतं. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण कंपनीला लिहिलेल्या ईमेलमध्ये त्याचा उल्लेख केल्यावर उत्तरं पटापट यायला लागली एवढं खरं.

दोन स्टार त्या खिडकीवाल्या मुलाच्या कामाचे. फर्नेसचा सर्किट बोर्ड अजून यायचाय, अ‍ॅडव्हायझर म्हणतात थंडीच्या आत बसवून देतो, बसवला की रिव्ह्यू अपडेट करेन आणि एक स्टार वाढवेन.