डब्लिनचा सेकंडहँड डीलर: सर्व्हिस ४ स्टार, किमतीला २

गाडी टकाटक मिळाली, जपानहून आलेली टोयोटा हायब्रिड, माणूस पण सरळ आहे, टेस्ट ड्राईव्हला घाई केली नाही की काही गळ्यात मारलं नाही. पण किंमत ऐकून डोळे पांढरे झाले राव. त्याला म्हटलं एवढं कसं काय, तर म्हणाला ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं ना, ते. आणि खरंय त्याचं, २०२० संपेपर्यंत इथले लोक इंग्लंडला जाऊन गाडी घ्यायचे, फेरी बोटीत टाकून आणायचे आणि इथे फक्त व्हीआरटी (गाडी रजिस्टर करायचा टॅक्स) भरायचे. १ जानेवारी २०२१ पासून तिकडची जुनी गाडी आणली की व्हॅट आता २३ टक्के, आणि गाडी मूळची जर्मनीत बनलेली असली तरी बहुतेक वेळा वर १० टक्के कस्टम ड्युटी, व्हीआरटी आहेच परत! मग स्वस्त माल यायचा बंद, इथल्या जुन्या गाड्यांनी भाव खाल्ला, म्हणून हे लोक जपानकडे वळले, स्टिअरिंग उजवीकडेच असतं ना. रेडिओ मात्र जपानी, एफएमची वरची स्टेशनं लागतच नाहीत, ते आधी सांगायला हवं होतं त्याने. नॉर्दर्न आयर्लंडची (तो ब्रिटनचाच भाग) गाडी घेत असाल तर ती तिथे कधी आणि कशी आली याचे पेपर नीट मागा, नाहीतर तोच टॅक्स बसेल.