घरघंटी आणि कळण्याचं पीठ: खान्देशच्या स्वयंपाकघरात एक अश्वशक्तीची गिरणी

गहू कोणतीही घरघंटी दळते. खान्देशात या यंत्राची परीक्षा होते ती कळण्यावर. कळणा म्हणजे चार वाटे ज्वारी, एक वाटा सालासकट काळे उडीद. एक दाणा ठिसूळ, दुसरा चिवट आणि चिकट. दोन्ही एकत्र दळून त्या पिठाची भाकर काठ न फाटता थापली गेली आणि तव्यावर पदर सुटला, तर गिरणी कामाची. त्यामुळे या परीक्षणात गव्हाला दुय्यम जागा आहे.

यंत्र ओळखीचंच आहे. जळगाव, धुळे, भुसावळच्या दुकानांत कपाटासारखी उभी दिसते ती सनमायका लावलेली घरघंटी. मोटर एक अश्वशक्तीची, सिंगल फेज. वर धान्य ओतायचं हॉपर, मध्ये चेंबर, खाली पिठाचा डबा आणि पीठ बाहेर उडू नये म्हणून कापडी फिल्टर. किंमत साधारण १५ ते २५ हजारांच्या घरात. आत दगड नसतो. मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्या घेणारी स्टीलची पाती दाण्याला आपटून फोडतात आणि कण जाळीतून मावेल इतका बारीक होईपर्यंत आतच फिरत राहतो. तिच्या कामातलं बरंवाईट सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पहिला परिणाम पिठाच्या पोतावर. दगडाच्या चक्कीत, तसंच जुन्या घरोटात म्हणजे जात्यातही, दाणा दोन पाळ्यांमध्ये चिरडला जातो. त्यामुळे स्टार्चचे कण जास्त फुटतात आणि पीठ पाणी धरून ठेवतं. आपटून केलेलं पीठ तितकं पाणी धरत नाही, हाताला किंचित कोरडं, सुटं लागतं. गव्हात हे जाणवत नाही, कारण तिथे ग्लुटेन हे चिकट प्रथिन सांभाळून घेतं. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतंच. म्हणून घरघंटीच्या ज्वारीच्या पिठाला कोमट पाणी पुरत नाही, उकळतं आधणच हवं. पिठात मध्ये खळगा करून आधण ओतावं, उलथन्याच्या टोकाने कालवून दोन-तीन मिनिटं झाकून ठेवावं आणि मग तळहाताने रगडून मळावं. एवढं केलं की गिरणीच्या आणि घरच्या पिठातला फरक जवळजवळ मिटतो. हे न करताच ‘घरघंटीच्या पिठाची भाकर तुटते’ अशी तक्रार करणारे पुष्कळ आहेत.

जाळ्या सहसा सहा-सात येतात. बहुतेक यंत्रांत आकडा जितका लहान तितकी भोकं बारीक. नुसत्या ज्वारीला किंवा बाजरीला बारीक जाळीच लावावी, जाडसर पिठाची भाकर थापताना कडेला चिरा पडतात. कळण्याला मात्र एक आकडा जाड जाळी चालते, कारण उडदाचा चिकटपणा पिठाला बांधून ठेवतो, आणि कळण्याची खरी चव थोड्या रवाळ पिठातच आहे.

आता उडदाची अडचण. बहुतेक घरघंट्या इथेच दम टाकतात. उडदात ओल राहिली असेल तर त्याचा चिकट अंश जाळीच्या भोकांवर थर धरतो. भोकं बुजली की पीठ बाहेर पडत नाही, आतच फिरून तापतं, तापलं की ओल आणखी सुटते आणि थर जाड होतो. पाच-सात मिनिटांत मोटरचा आवाज जड होतो, ओव्हरलोडचं बटण पडतं आणि लोक मेकॅनिकला फोन लावतात. मोटरमध्ये बिघाड नसतोच. उडीद दोन कडक उन्हं खाल्लेले हवेत. पारख सोपी आहे: एक दाणा दाढेखाली धरून चावावा. कट् आवाज होऊन दोन तुकडे झाले तर दळायला घ्यावा; दबून चपटा झाला तर आणखी एक ऊन द्यावं. पावसाळ्यात ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर हाताला चटका बसेपर्यंत गरम करून, पूर्ण गार झाल्यावर दळावं. गरम दाणा हॉपरमध्ये टाकला तर वाफ आत अडकून तोच घोटाळा होतो.

ज्वारी आणि उडीद परातीत हाताने नीट कालवूनच ओतावेत. थरावर थर ओतले तर नुसते उडीद एकदम खाली येतात आणि मोटरवर बोजा पडतो. धान्य सोडायची पट्टी अर्धीच उघडावी. कंपन्या ताशी सात ते दहा किलो दळण सांगतात, पण तो हिशेब वाळलेल्या गव्हाचा. कळण्याला वेळ जास्त लागणार, हे धरूनच बसावं.

मिठाचंही सांगायला हवं. गिरणीत कळणा नेताना धान्यातच खडेमीठ टाकायची आपल्याकडे रीत आहे. घरघंटीत ती पाळू नये. मीठ हवेतली ओल ओढतं, फटींत बसतं आणि स्टीलचे नसलेले स्क्रू, बिजागऱ्या गंजवतं. मीठ पीठ मळताना घालावं, चवीत काही उणं पडत नाही. हळकुंडं आणि सुक्या मिरच्याही या यंत्रात टाकू नयेत. हळकुंड पात्याला जड जातं, मिरचीचा वास फिल्टरच्या कापडातून महिनाभर जात नाही. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, भिजवलेली ज्वारीही पूर्ण खडखडीत वाळल्याशिवाय नको.

चालवण्याचा क्रम चुकला की यंत्राचं आयुष्य घटतं. मोटर आधी रिकामी सुरू करावी, वेग धरल्यावरच धान्य सोडावं. बंद करताना उलट: हॉपर रिकामा झाल्यावर दीड-दोन मिनिटं तशीच चालू ठेवावी, म्हणजे चेंबर झडतं. चेंबरमध्ये धान्य असताना वीज गेली तर वीज आल्यावर लगेच बटण दाबू नये, आधी दार उघडून आतलं काढून घ्यावं. भरल्या चेंबरवर सुरू झालेली मोटर जागीच गुरगुरते आणि वायंडिंग जळतं. खेड्यांत संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्या वेळी दळण टाळावं. प्लग १६ अँपिअरचाच हवा आणि अर्थिंग नीट हवं. मिक्सरच्या साध्या पॉइंटवर ही गिरणी चालवणं धोक्याचं आहे.

खडे ही दुसरी शत्रुसेना. खळ्यातून आलेल्या दादर ज्वारीमध्ये मातीचे खडे असतातच. जातं खडा भरडून टाकेल, इथे तो जाळी फाडतो आणि फाटलेल्या जाळीचा बारीक तुकडा पिठात जाऊ शकतो. हॉपरमधलं चुंबक लोखंड धरतं, दगड धरत नाही. पाखडून, चाळून, ताटात पसरून निवडणं याला पर्याय नाही. महिन्यातून एकदा जाळी उजेडाकडे धरून पाहावी. एकही भोक ताणलेलं दिसलं तर ती जाळी बाद.

मग एवढ्या सोपस्कारांचं फळ काय? ताजं पीठ. विशेषतः बाजरीचं. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो. दाणा अखंड असतो तोवर तो सुरक्षित राहतो. दळला की दाण्यातलंच लायपेज नावाचं विकर त्या तेलावर काम सुरू करतं आणि पीठ खवट, कडू होतं. हिवाळ्यात आठ-दहा दिवस चालतं. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की चार-पाच दिवसांतच वास बदलतो. ज्वारीचं पीठ जास्त टिकतं, पण जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकर थापता थापता फाटते. बाजारातलं पाकीटबंद बाजरीचं पीठ कडू लागतं ते बहुधा याच कारणाने. घरघंटी असेल तर दीड-दोन किलोच दळायचं, चार दिवसांत संपवायचं. गिरणीवाला इतकं थोडं दळण आनंदाने घेत नाही, आणि घेतलं तरी आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ त्यात मिसळतं. गव्हाचं ग्लुटेन न चालणाऱ्या माणसाच्या घरात तर हीच एक बाब खरेदीला पुरेशी आहे. अट इतकीच की त्या यंत्रात गहू कधीच दळायचा नाही.

पैशांची बचत होईल म्हणून कुणी घेत असेल तर मात्र थांबावं. चार माणसांच्या घरात महिन्याला ३० किलो दळण आणि गिरणीचा दर किलोला ६ रुपये धरला, तर महिन्याला १८० रुपये वाचतात. १८ हजारांचं यंत्र वसूल व्हायला १०० महिने, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. त्यात वीज, जाळ्या, पाती धरलेली नाहीत. वीज तशी फार नाही, तासाला पाऊण युनिटच्या आसपास. शेजाऱ्यांचं दळून देऊन चार पैसे मिळवायचा विचार असेल तर एक अश्वशक्ती पुरणार नाही. हे यंत्र दिवसभर चालवण्यासाठी बांधलेलं नसतं.

जाहिरातीत ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारं पीठ’ असं ठळक छापलेलं असतं. गिरणी कोणतीही शक्ती वाढवत नाही, धान्य आणि ताट वाढवतं. शरीराच्या संरक्षक पेशी तयार व्हायला प्रथिनं लागतात, जस्त लागतं, लोह लागतं. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा गरजेचा घटक कमी असतो. उडदात ते भरपूर असतं, पण त्यात मिथिओनीन हा दुसरा घटक कमी, आणि तो ज्वारीसारख्या धान्यातून मिळतो. कळणा ही जोडी जुळवतो. आपल्या आज्या-पणज्यांनी लायसीनचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण चारास एक हे प्रमाण हाताने पक्कं केलेलं होतं, आणि ते जपण्यासारखं आहे.

लोह आणि जस्त बरंचसं कोंड्याच्या बाजूला असतं. घरघंटीत सगळं पीठ जाळीतून पार होतं, काही वगळलं जात नाही. मग मळण्यापूर्वी ते पुन्हा मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा फेकला तर सगळा खटाटोप वाया. कोंड्यातलं फायटेट लोह अडवून धरतं, हेही खरं. त्यावर उपाय ताटातच आहे: भाकरीबरोबर लिंबाची फोड, आणि जेवणावर लगेच चहा न पिणं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं, चहातलं टॅनिन तेच अडवतं.

शेतात किंवा नातेवाइकांकडे दादर, बाजरी पिकते आणि घरात उन्हाळ्यात वर्षाचं धान्य वाळवून कोठीत भरायची सवय आहे, अशा घरात ही गिरणी शोभते. धान्य स्वतःचं, साठवण स्वतःची, दळण स्वतःचं अशी साखळी पूर्ण होते. पाच किलो गहू दुकानातून आणून खाणाऱ्या दोघांच्या घरात ती वर्षभरात कपडे ठेवायची जागा होईल. फ्लॅटमध्ये आवाजाचाही विचार करावा. दुपारच्या झोपेच्या वेळी शेजारी नक्की दार वाजवतील.

खरेदीला जाताना घरची वाळवलेली एक किलो ज्वारी आणि पाव किलो उडीद पिशवीत घालून न्यावेत. दुकानदार गहू दळून दाखवतो, त्यावर जाऊ नये. आपला कळणा टाकायला लावावा. पीठ हाताला कोमट लागलं तर ठीक, बोटं मागे घ्यावीशी वाटली तर नको. मूठ आवळून उघडावी, मुठीचा ठसा राहिला पाहिजे. मग जाळी बाहेर काढायला सांगून उजेडाकडे धरावी: सव्वा किलोत चौथा हिस्सा भोकं बुजलेली दिसली तर ते यंत्र तिथेच सोडावं. आणि पसंत पडलं तर त्याच बिलात बारीक जाळीची एक जादा प्रत घ्यावी, कारण तीच सगळ्यांत आधी जाते आणि दोन वर्षांनी त्याच मापाची मिळेलच असं नाही.