उपास की अ‍ॅनोरेक्सिया?
श्रावण लागला की कोकणातल्या घरांत सोमवार, शनिवार, संकष्टी सुरूच. त्यामुळे पोरगी ताट परत करू लागली तरी "उपास करतेय, करू दे" म्हणून सोडून देतात. फरक ताटात दिसत नाही, उपास सोडताना दिसतो. संकष्टीवालीला चंद्रोदयाची घाई असते. उकडीचा मोदक समोर आला की एकावर थांबत नाही. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे खाणं सतत टाळत जाण्याच्या मानसिक आजारात, उपास सोडण्याची वेळच येत नाही. गणपतीतही निमित्तं निघतात, 'पोट फुगलंय' हे नेहमीचं. (आपल्याकडे काही मुली जाड होण्याची भीती बोलून दाखवतच नाहीत, मग पोटाच्याच तपासण्या होत राहतात.) वजन उतरतं, पाळी थांबते, नाडी मंदावते, दमट उकाड्यातही थंडी वाजते. मुलग्यांनाही हा आजार होतो. त्यांच्याबाबतीत तर शंकाही येत नाही.

उपास सोडताना जास्त झालं तर फार तर अजीर्ण. इथे मात्र खूप खालावलेल्या मुलीला आग्रहाने एकदम भरवणं धोक्याचं: रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय बिघडू शकतं. आधी डॉक्टर आणि रक्ततपासणी, मग बेताबेताने आहार, सोबत मानसोपचार. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरबसल्या विचारायचं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक.