ट्रायकोडर्मा पावडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रायकोडर्मा ही पिकांच्या रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी, आणि ही पावडर तिच्या बीजाणूंची. पाकिटावर 'प्रति ग्रॅम २० लाख' असा आकडा छापलेला असतो. हिशोबाने ५ ग्रॅममध्ये एक कोटी बीजाणू. पण वापराच्या दिवशी त्यातले जिवंत किती, हे पाकीट सांगत नाही. एकाच लॉटमधली पाकिटं, एक थंड सावलीत आणि एक पत्र्याखाली ठेवलेलं. चौथ्या महिन्यापासून दोघांत उघड फरक दिसतो.

तपासणी घरीच होते. अर्धवट शिजवलेला, मोकळा भात बरणीत भरून कुकरमध्ये वाफवायचा, गार झाला की चिमूटभर पावडर मिसळून तोंडाला कापूस लावायचा. पावडर चांगली असेल तर दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी, पाचव्या-सहाव्या दिवशी गर्द हिरवी. काही वाणांना ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. काळे ठिपके किंवा चिकट, आंबूस भात म्हणजे भेसळ. असा लॉट बियाण्याला लावू नये.

बीजाणू म्हटलं की काहीही सोसणारा, असा समज असतो. बॅसिलस जिवाणूचा बीजाणू खरंच तसा: १२१ अंशांची दाबाखालची वाफ १५ मिनिटं द्यावी तेव्हा खात्रीने मरतो. मात्र एका पेशीतून एकच बनतो, म्हणजे ती संख्या वाढवण्याची नाही, तगून राहण्याची सोय. ट्रायकोडर्माचं उलट. हिरवे बीजाणू ढिगाने तयार होतात, पसरतात, पण कवच पातळ. जाड कवचाचे, जास्त टिकणारे क्लॅमिडोस्पोर वेगळे. सर्वांत घातक ती पाकिटात शिरलेली ओल: बीजाणू अर्धवट जागा होतो, खायला काही नसतं, मरतो. गुठळ्या झालेली पावडर स्वस्तात मिळाली तरी नको.

शेणखतात वाढवून घेतल्यावर सर्वांत चांगला परिणाम मिळाला. १०० किलो पूर्ण कुजलेल्या खताला १ किलो पावडर, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतका ओलावा, वर ओलं गोणपाट, तीन-चार दिवसांनी उलथापालथ. ताजं शेण तापतं आणि त्या उष्णतेत बुरशी जाते. बहुतेकांचं इथंच फसतं.

बीजप्रक्रियेला किलोला ४-५ ग्रॅम, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ही पावडर फुकट जाते.

रोपवाटिकेतली कोलमड आणि मूळकुज चांगली आटोक्यात राहिली. आधीच मर लागलेली झाडं मात्र वाचली नाहीत, वाचायचीही नव्हती: ही बुरशी रोगाच्या बुरशीला वेटोळे घालून तिची भिंत विरघळवते, कुजलेलं मूळ परत आणत नाही. कोरड्या, सेंद्रिय अंश नसलेल्या मातीत टाकलेल्या पावडरीचा फरक शून्य.

५ पैकी ३.५. कापलेला दीड गुण साठवणुकीची सूचना बारीक अक्षरांत छापल्याबद्दल.