कंपास पेटीतलं कर्कटक: आयसीसीयूमधल्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीसीयूत (हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात) स्टाफ नर्स आहे, राहायला कोपरखैरण्याला. मुलीची दहावी झाली आणि तिच्या कंपास पेटीतलं दोन टोकांचं कर्कटक मी ड्युटीच्या पिशवीत टाकलं, त्याला आता नऊ महिने होतील. ईसीजी शिकायला मी याआधी दोन ऑनलाइन कोर्स केले, मोबाइलवर मापायचं अ‍ॅपही घेतलं. एट्रियाचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, रिदम (ठोक्यांची लय) ओळखायला मला खरं शिकवलं ते या कर्कटकाने, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

व्हीटी, व्हीएफ हे खालच्या कप्प्यांचे धोक्याचे रिदम आम्हा सगळ्यांना झोपेतही ओळखता येतात. अडचण वरच्या कप्प्यांची. तिथली पी वेव्ह (त्या कप्प्यांच्या विद्युत लहरीचा उंचवटा) मुळातच लहान, ईसीजीच्या कागदावर उंचीला अडीच छोट्या चौकोनांच्या आत आणि रुंदीला तीन. ती टी वेव्हमध्ये (ठोक्यानंतरच्या उंचवट्यात) लपली की माझ्यासारखी अकरा वर्षं नोकरी केलेली सिस्टरसुद्धा अंदाजाने नाव देते.

मीही दिलं होतं. साठीतले एक काका होते. मॉनिटरवर ठोके मिनिटाला १५०, तासभर आकडा जागचा हलेना. ताप नाही, दुखणं नाही. चार्टवर मी ‘सायनस टॅकिकार्डिया’, म्हणजे नेहमीचीच लय पण वेगात, असं लिहिलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी स्ट्रिप (ईसीजीची कागदी पट्टी) हातात घेतली आणि म्हणाले, ‘सिस्टर, सायनस असता तर कुशीवर वळताना, डोळा लागल्यावर थोडा तरी खालीवर झाला असता. हा दीडशेलाच का चिकटलाय?’ आणि कर्कटक मागितलं. वॉर्डात ते कुणाकडेच नव्हतं. मग त्यांनी कागदाच्या कडेवर पेनाने दोन खुणा करून मोजून दाखवलं. ते फ्लटर होतं, म्हणजे वरचे कप्पे एका ठरावीक, फार जलद लयीत धावत होते. काका बरे होऊन घरी गेले, पण ते चार्टवरचं नाव मला बरेच दिवस टोचत होतं.

आता तीच स्ट्रिप मी अशी वाचते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, म्हणजे छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२० चा. ठोके १५० असले की दोन आर वेव्हमध्ये (ठोक्यांच्या उंच टोकांमध्ये) बरोबर दोन मोठे चौकोन. कर्कटकाची टोकं त्याच्या निम्म्यावर, एका मोठ्या चौकोनावर आणायची, स्क्रू घट्ट करायचा. एक टोक दिसणाऱ्या उंचवट्यावर ठेवायचं आणि पावलं टाकत न्यायचं. दर दुसरं पाऊल क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या टोकदार रेघेच्या) पोटात किंवा त्याच्या शेपटीवर पडतं, आणि तिथे बारकाईने पाहिलं तर रेघ थोडी वाकडी दिसतेच. एट्रिया मिनिटाला ३०० ने धावत आहेत आणि खाली एक सोडून एक ठोका उतरतो आहे. दोन क्यूआरएसच्या बरोबर मधोमध पी दिसली तर दुसरी क्यूआरएसमध्ये लपलेली असू शकते, याला बिक्सचा नियम म्हणतात. डोळ्यांनी हे मला कधीच दिसलं नसतं. लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये (लीड म्हणजे ईसीजी हृदयाकडे ज्या बाजूने बघतो ती) करवतीचे दाते शोधा असं सगळेच शिकवतात, पण २:१ मध्ये, म्हणजे वरच्या दोन ठोक्यांना खाली एकच असताना, ते दाते क्यूआरएस आणि टी खाऊन टाकतात.

कर्कटकाचा सर्वांत मोठा उपयोग मात्र पॉजमध्ये, म्हणजे ठोक्यांमधल्या लांब खंडात, झाला. एका आजींच्या मॉनिटरवर मधूनच ठोका गळायचा, अलार्म वाजायचा. नातेवाईक घाबरले, पेसमेकरची भाषा सुरू झाली. मी आधीच्या दोन पीमधलं अंतर धरलं आणि पुढे टाकलं. पी वेळेवर येऊन खाली क्यूआरएस नसता, तर ब्लॉकचा (वरून खाली जाणारा संदेश अडण्याचा) विचार करावा लागला असता. इथे ठरलेल्या जागेवर पी नव्हतीच. ती आधीच येऊन गेली होती, पॉजच्या अगोदरच्या टी वेव्हवर बसून. बाकीच्या टी गुळगुळीत आणि हीच एक टोकदार. म्हणजे वेळेआधी आलेला एट्रियल ठोका, जो खाली उतरलाच नाही. असे न उतरलेले ठोके हे पॉजचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) दाखवलं, राउंडच्या सरांनी शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून पॉज दिसला की मी आधी त्याच्या मागची टी बघते.

एएफमध्ये (एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) कर्कटक कुठेच बसत नाही, आणि ते न बसणं हाच पुरावा. मशीनच्या छापील निदानावर मी आता विसंबत नाही, कारण वेळेआधीचे ठोके खूप असले की ते त्यालाही एएफ म्हणतं. अशा वेळी ठोक्यागणिक पी शोधायची. तिचा आकार तीन किंवा अधिक प्रकारचा आणि ठोके शंभरच्या वर असतील तर मल्टिफोकल एट्रियल टॅकिकार्डिया (वरच्या कप्प्यांत अनेक जागांहून उठणारे जलद ठोके); दम्याच्या, सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) जुन्या पेशंटमध्ये हे बघायला मिळतं. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. एएफचा पेशंट डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर आहे आणि ठोके अचानक सावकाश व एकसारखे झाले, तर ‘रिदम सुधारला’ म्हणून निवांत राहू नका. पी नसेल तर तो पूर्ण ब्लॉक असू शकतो. लगेच डॉक्टरांना कळवा.

कंपाचं एक सांगते. पार्किन्सनच्या पेशंटचा हात सेकंदाला चार ते सहा वेळा हलतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०, नेमका फ्लटरचा वेग. कर्कटकही त्यावर छान बसतं आणि फसवतं. उजवा हात हलत असेल तर लीड थ्री बघा, तिच्यात उजवा हात येतच नाही. ती स्वच्छ असली आणि पी नीट दिसली की प्रश्न मिटला.

आता तक्रारी. शाळेच्या कर्कटकाचा स्क्रू ढिला पडतो आणि पावलं टाकता टाकता अंतर वाढत जातं. घेताना उघडून, हलवून बघा, आणि दोन्ही टोकं मिटल्यावर जुळतात का तेही. टोकं जाड असतील तर अर्धा चौकोन तिथेच जातो. थर्मल कागदावर दाबलं की भोक पडतं. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळल्याशिवाय कागदाला लावू नका, डाग पडतो. अ‍ॅप मी सोडलं, कारण फोटो जरा तिरका आला की चौकोनच लहानमोठे होतात.

स्ट्रिप जपण्यात माझं मोठं नुकसान झालं. नाव, नंबर कापून, परवानगी घेऊन जमवलेल्या चाळीसेक स्ट्रिप स्टेशनजवळ लॅमिनेट करायला दिल्या आणि उष्णतेने सगळ्या काळ्या पडल्या. त्यात आजींची ती पॉजची स्ट्रिपही गेली. आता त्याच दिवशी झेरॉक्स काढते, मूळ आकारातच, आणि पाच मोठे चौकोन पट्टीने २५ मिलिमीटर भरतात का ते तिथेच उभी राहून तपासते. त्या झेरॉक्स वहीत चिकटवलेल्या आहेत. ट्रान्स हार्बर लोकलला बसायला जागा मिळाली की ठाणे ते कोपरखैरणे दोन-तीन स्ट्रिप होतात. गाडी हलते म्हणून कर्कटक काढत नाही, फक्त पी कुठे असेल त्यावर पेन्सिलीने बारीक बाण करते आणि घरी येऊन मोजते. सुरुवातीला दहातले चार बाण बरोबर यायचे, आता आठ येतात.

ठोके फार असले की मी कागदाचा वेग सेकंदाला ५० मिलिमीटर करायला सांगते, मग छोटा चौकोन ०.०२ चा होतो हे विसरायचं नाही. सध्या सरांकडून ल्युइस लीड, म्हणजे पी ठळक दिसावी म्हणून इलेक्ट्रोडची बदललेली मांडणी, लावायला शिकते आहे. उजव्या हाताचा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या वरच्या टोकावर, डाव्याचा हाडाच्या उजवीकडे बरगड्यांच्या पाचव्या फटीत, आणि वाचायची लीड वन. परवा एका पेशंटमध्ये लावली, तर साध्या ईसीजीत न दिसलेली पी तीन ठिकाणी दिसली. कर्कटक टाकलं, तिन्हींचं अंतर सारखं भरलं.