सोलर पॉवर बँक की वेगळं पॅनेल? अनेक महिने वापरल्यानंतरचं माझं मत

माझे बरेच दिवस अशा ठिकाणी जातात जिथे विजेचा पॉइंट नसतो. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणं, फोटो काढणं, जागेचं लोकेशन टिपणं ही सगळी कामं फोनवर होतात. संध्याकाळी फोन बंद पडला तर दिवसभराचं काम अडकतं. त्यामुळे चार्जिंगची सोय माझ्यासाठी हौसेची बाब नाही. गेले अनेक महिने मी दोन प्रकार आलटून पालटून वापरते आहे. एक म्हणजे पाठीवरच सोलर पट्टी बसवलेली २०,००० एमएएचची पॉवर बँक. दुसरा म्हणजे २८ वॅटचं घडीचं पॅनेल आणि त्याच्या जोडीला १०,००० एमएएचची साधी पॉवर बँक. मध्ये कायम एक छोटा यूएसबी मीटर लावलेला असतो. तो व्होल्ट, अँपिअर आणि एकूण किती वॅट-तास (एक वॅट तासभर, म्हणजे एक वॅट-तास) वीज गेली हे दाखवतो.

मत आधीच सांगते: पॅनेल वेगळं घ्या, बँक वेगळी घ्या. पॅनेलला कडक ऊन हवं असतं आणि बॅटरीला सावली. दोन्ही एकाच डब्यात बसवले की एकाचं भलं करताना दुसऱ्याचं वाटोळं होतं.

आधी पाठीवर पट्टी असलेल्या बँकेबद्दल. भर दुपारी आकाश स्वच्छ असताना एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं. चांगलं मोनोक्रिस्टलाइन (एकसंध सिलिकॉन स्फटिकाचं) पॅनेल त्यातल्या २० ते २२ टक्क्यांची वीज करतं. पॉवर बँकेची पाठ साधारण तळहाताएवढी, म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा हिस्सा. त्यातून फार फार तर दोन वॅट निघू शकतात, आणि बहुतेक बँकांवरची पट्टी एक ते दीड वॅटचीच असते. आता २०,००० एमएएच म्हणजे बँकेच्या आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टला ७४ वॅट-तास. दीड वॅटने ७४ वॅट-तास भरायला कागदावरच जवळपास पन्नास तास लागतात, तेही भर दुपारच्या उन्हाचे. दिवसभरात असं ऊन पाच-सहा तासांच्या हिशोबानेच मिळतं. त्यात चार्ज होतानाची गळती धरली तर रिकामी बँक नुसत्या उन्हावर भरायला दोन आठवडे धरून चालावे लागतात. माझ्या मीटरने हेच दाखवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवलेल्या बँकेतून फोनला मिळालं ते जेमतेम पाव बॅटरीइतकं. जाहिरातीत 'उन्हावर चार्ज होणारी २०,००० एमएएच' असं वाचून कोणी चार दिवसांच्या भटकंतीला भरवसा ठेवून निघणार असेल, तर त्याने हा हिशोब आधी करावा.

उष्णतेचा प्रश्न त्याहून गंभीर वाटतो. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा धरली जाते. काळी पट्टी वर करून दुपारभर उन्हात पडलेली बँक हात लाववत नाही इतकी तापते. चांगल्या बँकेतलं सर्किट अशा वेळी चार्जिंग थांबवतं, म्हणजे ऐन उन्हाचे तास वाया जातात. स्वस्तातल्या बँकेत ते थांबत नाही आणि बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. ओलं फडकं खाली ठेवणं, अर्धी सावली देणं, असे उपाय लोक सुचवतात; पण सावली दिली की पट्टीही सावलीत जाते. या रचनेत हा पेच सुटतच नाही.

तरी ती बँक मी टाकून दिलेली नाही. घरून पूर्ण भरून नेली तर ती चांगली पॉवर बँक आहे, टॉर्च उपयोगी आहे, आणि फोन अगदी शून्यावर असताना दोन-तीन तासांच्या उन्हात एका तातडीच्या कॉलपुरती वीज ती देते. पट्टीकडे तेवढ्याच अपेक्षेने पाहावं.

आता घडीचं पॅनेल. खोक्यावर २८ वॅट लिहिलं आहे, पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठरीव परिस्थितीतला असतो: १,००० वॅट ऊन आणि सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या वीज करणाऱ्या तुकड्यांचं, तापमान २५ अंश. प्रत्यक्ष उन्हात सेल २५ अंशांवर राहत नाही. मला स्वच्छ दुपारी, पॅनेल सूर्यासमोर नीट धरल्यावर, दोन्ही पोर्ट मिळून १७-१८ वॅट मिळतात. एकाच पोर्टवर मात्र ११-१२ वॅटच्या पुढे काटा जात नाही, कारण ५ व्होल्टच्या साध्या यूएसबी पोर्टची हद्द बहुधा २.४ अँपिअर असते. ही गोष्ट विकत घेताना फार कमी लोक पाहतात. पॅनेल कितीही मोठं असो, तुमचा फोन किंवा बँक ज्या पोर्टला लागणार आहे त्याची मर्यादा काय, हे विचारा. विरळ ढग आले की आकडा निम्म्यावर येतो, आणि आभाळ पूर्ण भरलं की एक-तीन वॅटवर. चांगल्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्या वेळात माझी १०,०००ची बँक रिकामीची पूर्ण भरते. एका फोनला आणि हेडलँपला दिवसभर पुरून उरतं.

पॅनेलची दिशा हा मुद्दा मी मुद्दाम लांबवते, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि त्याला काही खर्च नाही. जमिनीवर आडवं टाकलेलं पॅनेल सकाळी आणि संध्याकाळी निम्म्यापेक्षाही कमी वीज देतं. सूर्यकिरण ३० अंशांनी तिरपे पडले तर तोटा साधारण १३ टक्क्यांचा, पण ६० अंशांनी पडले तर थेट अर्ध्याचा. माझी पद्धत सोपी आहे: पॅनेलवर एक पेन्सिल सरळ उभी धरायची आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल कलवायचं. तास-दीड तासाने पुन्हा एकदा. मागे दगड किंवा सॅक लावून पॅनेल तिरकं उभं केलं की त्याच्या पाठीमागून हवाही खेळते. तोही फायदाच, कारण सिलिकॉन सेल तापतील तशी वीज कमी होते: २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. तापल्या खडकावर पसरलेल्या पॅनेलमध्ये दहा-बारा टक्के असेच जातात. थंडीतल्या लख्ख उन्हात पॅनेल सगळ्यात खूश असतं, हे मीटरवर पाहताना मला दर वेळी आनंद होतो.

सावलीचंही असंच. पॅनेलमधले सेल एकापुढे एक मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर पडलेली फांदीची सावली सगळ्या मालिकेचा प्रवाह अडवते. कोपऱ्यावर सॅकचा पट्टा लोंबत होता, पाहायला गेलं तर पॅनेलचा विसावा भागसुद्धा झाकलेला नव्हता, आणि मीटर अर्ध्याखाली आला होता. म्हणूनच पॅनेल सॅकवर लटकवून चालत चालत चार्ज करण्याच्या फोटोंवर जाऊ नका. वाट वळते तशी दिशा बदलते, झाडं येतात, आपली स्वतःची सावली पडते. मी लटकवून चालले तेव्हा हाती फारच थोडं लागलं. जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळी दोन तास नीट मांडलेलं पॅनेल त्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातं. खिडकीच्या काचेआडही ठेवू नका. काच आपला वाटा आधी काढून घेते, आणि उष्णता अडवणारा थर दिलेली काच असेल तर तोटा आणखी मोठा.

फोन थेट पॅनेलला लावू नये, हे माझं पक्कं मत झालं आहे. ढग आला की प्रवाह पडतो, फोन चार्जिंग सोडतो, ढग गेला की पुन्हा पकडतो, आणि प्रत्येक वेळी स्क्रीन पेटते. त्यातच फोन उन्हात तापतो. शिवाय काही पॅनेलांत ढग सरल्यावर प्रवाह आपोआप वर चढतच नाही. वायर काढून पुन्हा लावेपर्यंत तो रांगत राहतो. दिवसा पॅनेलने बँक भरायची, बँक पॅनेलच्याच पाठीमागे सावलीत ठेवायची, आणि रात्री बँकेवरून फोन. या क्रमाने दिवसा फोनही मोकळा राहतो.

बँक निवडताना एमएएचपेक्षा वॅट-तास पाहा. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा असतो. बाहेर ५ व्होल्ट द्यायचे म्हणजे रूपांतर आलं आणि रूपांतरात गळती आली. म्हणून त्याच बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत ५ व्होल्टसाठी ६,००० ते ६,५०० एमएएच असा दुसरा आकडा असतो. फसवणूक नाही ती. खरा उपयोगाचा आकडा तोच. ३७ वॅट-तासांच्या बँकेतून ५,००० एमएएचचा, म्हणजे साधारण १९ वॅट-तासांचा फोन मला दीडेक वेळा भरता येतो. ज्या बँकेवर हा दुसरा आकडा छापलेलाच नाही, किंवा खिशात मावेल एवढ्या डब्यावर ५०,००० लिहिलं आहे, ती मी हातातही घेणार नाही.

बँक आत किती वीज घेते हेही महत्त्वाचं. जुन्या मायक्रो-यूएसबी तोंडाच्या बँका ५ व्होल्टला २ अँपिअर, म्हणजे १० वॅटवर थांबतात, मग पॅनेल मोठं असून उपयोग नाही. टाइप-सी तोंडाची, ५ व्होल्टला ३ अँपिअर घेणारी बँक उन्हासाठी बरी. बँकेने बाहेर द्यायला १८-२० वॅट पुरेसे आहेत. ६५ वॅटचा मोह लॅपटॉप चार्ज करायचा असेल तरच धरावा. चार ठिपक्यांऐवजी टक्के दाखवणारी बँक घ्या, कारण एक ठिपका म्हणजे पाव बँक, आणि त्यावरून रात्रीचा हिशोब करता येत नाही. इयरबड किंवा घड्याळासारख्या वस्तू इतका कमी प्रवाह घेतात की बँक काही लागलेलंच नाही असं समजून बंद होते. त्यासाठी कमी प्रवाहाची वेगळी सोय असलेली बँक मिळते, माझ्याकडे तीच आहे. केबल आखूड आणि जाड असावी. पॅनेलचे ५ व्होल्ट लांब, बारीक केबलमध्ये इतके घसरतात की बँक प्रवाह कमी घेऊ लागते. नुसती केबल बदलून मला एक-दोन वॅट परत मिळाले आहेत.

पण पॅनेल हवंच का, हा प्रश्न आधी विचारावा. माझा फोन बेताने वापरला तर दिवसाला एक चार्ज मागतो. भरलेली २०,०००ची बँक असे तीन दिवस काढते आणि तिचं वजन साधारण ३५० ते ४०० ग्रॅम. २८ वॅटचं पॅनेल आणि छोटी बँक मिळून त्याच्या दुप्पट होतात. म्हणजे दोन-तीन दिवसांसाठी पॅनेल नेणं हे निव्वळ ओझं. चौथ्या दिवसापासून ते वसूल व्हायला लागतं, किंवा वीज किती दिवस नसेल याचा भरवसा नसतो तेव्हा. आणि रेंज नसलेल्या जागी फोन एअरप्लेन मोडवर टाका. सिग्नल शोधण्यात फोन जी बॅटरी जाळतो ती वाचवणं हे कुठल्याही पॅनेलपेक्षा हलकं पडतं. जीपीएस त्या मोडमध्येही चालतं.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढंच: पॉवर बँक सोबतच्या बॅगेत न्यायची, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॅट-तासांपर्यंत सर्वसाधारणपणे परवानगी असते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते, त्यापुढे नाहीच. १०० वॅट-तास म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. बँकेवरची छपाई पुसली गेली तर तपासणीत अडचण होते, म्हणून मी माझ्या बँकेच्या छपाईवर पारदर्शक टेप लावली आहे.

टिकाऊपणाबद्दल. माझ्या पॅनेलवर ईटीएफई या प्लास्टिकचा थर आहे. इतक्या उन्हानंतरही तो पिवळा पडलेला नाही की कडेने सुटलेला नाही. साध्या पीईटी प्लास्टिकच्या थराची पॅनेल लवकर धुरकट होतात. कापडाची शिवण शाबूत आहे, पण पोर्टवरचं झाकण सैल झालं आहे, आणि पाणी आत जायची वाट तीच. पाण्यापासून बचावाचा जो दर्जा छापतात तो सहसा झाकण घट्ट बंद असताना लागू होतो, हे ध्यानात ठेवा. घडीच्या जागी आतून वायरी जातात, म्हणून पॅनेल नेहमी मूळच्याच दिशेने घडी करते. धूळ ओल्या मऊ फडक्याने पुसते, घासत नाही. बँक बराच काळ वापरायची नसेल तर निम्मी भरलेली आणि थंड जागी ठेवते. बँक फुगलेली दिसली तर ती त्याच क्षणी वापरातून काढायची, कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

पॅनेल हातात आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा. स्वच्छ दुपारी मीटर लावून आकडा पाहा; छापील वॅटच्या निम्मेही येत नसतील आणि पोर्टची मर्यादाही आड येत नसेल तर परत पाठवा. मग जाड कापडाने पूर्ण पॅनेल झाकून दहा सेकंदांनी कापड काढा आणि प्रवाह आपोआप पुन्हा वर चढतो का ते बघा. नाही चढला, तर तेही परत.