ओपनएसएसएचचा एसएफटीपी सर्व्हर, प्रत्येक ग्राहक आपापल्या फोल्डरात: काही महिने वापरल्यानंतर

भोसरीतल्या आमच्या टूलरूममध्ये ग्राहकांची ड्रॉइंग फाइल ट्रान्सफर सर्व्हरवरून येतात. एकमेकांचे स्पर्धक असलेले ग्राहक एकाच मशीनवर फाइल टाकतात. एकाच्या नव्या पार्टचं ड्रॉइंग दुसऱ्याला दिसलं, तर आमचा धंदा तिथेच संपला. म्हणून जुन्या, वेब पॅनलवाल्या विंडोज सर्व्हरचं लायसन्स रिन्यू करायची वेळ आली तेव्हा मी ते केलं नाही. डेबियन या लिनक्सवर ओपनएसएसएच (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम; त्याच जोडणीतून फाइल पाठवणं म्हणजे एसएफटीपी) बसवलं आणि प्रत्येक ग्राहकाला सीएचरूट करून, म्हणजे फोल्डराबाहेरचं काही दिसूच नये अशी सोय करून, त्याच्या फोल्डरात बंद केलं.

हे करावंसं वाटलं ते सोलरविंड्स कंपनीच्या सर्व्ह-यू या फाइल ट्रान्सफर सर्व्हरच्या प्रकरणामुळे. जून 2024 मध्ये त्यातली सीव्हीई-2024-28995 (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा त्रुटींना मिळणारा क्रमांक) ही त्रुटी जाहीर झाली. लॉगिन न करता, फक्त यूआरएलमध्ये दोन टिंबं आणि स्लॅशची माळ लावून सर्व्हरवरची कुठलीही फाइल वाचता येत होती. विंडोजवर उलटा स्लॅश, लिनक्सवर सरळ स्लॅश, एवढंच तो प्रोग्रॅम तपासायचा. चुकीच्या दिशेचे स्लॅश तपासणी झाल्यावर सरळ करायचा. मग विंडोजला सरळ आणि लिनक्सला उलटा पाठवला की काम झालं. फाटकावर पिशवी तपासायची आणि आत गेल्यावर पिशवी बदलू द्यायची, तसं हे. 15.4.2 च्या हॉटफिक्स 2 मध्ये दुरुस्ती आली, पण काही दिवसांतच हल्लेखोर ही युक्ती वापरू लागले होते.

मला जास्त अस्वस्थ केलं ते या चुकीच्या वयाने. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये ऑक्टोबर 2000 मध्ये हेच घडलं होतं: पाथ आधी तपासला, त्यातली युनिकोड अक्षरं नंतर उलगडली. पुढच्या वर्षी निम्डा वर्म त्याच वाटेनेही शिरला. एप्रिल 2024 मध्ये क्रशएफटीपी या दुसऱ्या फाइल ट्रान्सफर सर्व्हरच्या व्हर्च्युअल फाइल सिस्टिमबाहेरच्या (प्रोग्रॅमने ग्राहकाला दाखवायला मांडलेल्या फोल्डरांबाहेरच्या) फाइल लॉगिनशिवाय वाचता येतात, हे उघड झालं. या सगळ्यांत कुंपण प्रोग्रॅमने स्वतः घातलेलं होतं.

सीएचरूटमध्ये कुंपण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, घालतो. त्या प्रोसेससाठी ग्राहकाचं फोल्डर हेच मूळ. मुळातून दोन टिंबांनी वर जायचं म्हटलं तर पुन्हा मुळातच. लिनक्सला उलटा स्लॅश म्हणजे फाइलच्या नावातलं एक साधं अक्षर. मी सुटायचे सगळे प्रकार करून पाहिले, दर वेळी त्याच फोल्डरात राहिलो. जोडीला फोर्सकमांड या सेटिंगमध्ये इंटर्नल-एसएफटीपी ठेवलं की शेल (कमांड टाइप करायची जागा) मिळत नाही, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरमधून दुसऱ्या मशीनपर्यंत वाट काढणं) मी वेगळं बंद केलं आहे.

त्रास आहे, तोही सांगतो. सीएचरूटचं फोल्डर आणि त्याच्या वरची प्रत्येक पायरी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, मालकीची हवी, दुसऱ्या कुणाला लिहायची परवानगी नको. तसं नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन लगेच तुटतं. ग्राहकाला विनएससीपीमध्ये (त्याच्याकडच्या एसएफटीपी प्रोग्रॅममध्ये) काहीच उलगडत नाही, कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं. अट मात्र योग्य आहे: ग्राहकाला मुळातच फेरफार करता आले तर कुंपणाला अर्थ नाही. आम्ही आत ‘आवक’ नावाचं, ग्राहकाच्या मालकीचं फोल्डर केलं आणि लॉगिन थेट तिथेच उघडेल अशी सोय केली. सर्वांना लागणाऱ्या मानक फाइलींसाठी सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) चालत नाही, कारण ती कुंपणाबाहेर पोचत नाही. तिथे फक्त वाचण्यापुरतं बाइंड माउंट केलं, म्हणजे बाहेरचं फोल्डरच आत जोडलं. कोणी कोणती फाइल उचलली याची नोंद हवी असेल तर लॉगची पातळी वाढवावी लागते, आणि काही सिस्टिमवर लॉगचं सॉकेट (नोंदी बाहेर पाठवायची खिडकी) प्रत्येक फोल्डरात द्यावं लागतं. आमचा सर्वात जास्त वेळ यातच गेला.

मुदत असलेल्या लिंक, ब्राउझरमधून अपलोड, फाइल आल्याची ईमेल, यातलं काही नाही. ईमेल आम्ही छोट्या स्क्रिप्टने पाठवतो. ज्यांचे ग्राहक ब्राउझरशिवाय काही उघडणार नाहीत, त्यांना हे जमणार नाही.

अपडेटमधूनही सुटका नाही. जुलै 2024 मध्ये खुद्द ओपनएसएसएचमध्ये लॉगिनच्या आधीच गाठता येणारी सीव्हीई-2024-6387 सापडली आणि 9.8 आवृत्तीत दुरुस्त झाली. अशा त्रुटीपुढे सीएचरूट काहीच करू शकत नाही, कारण ते लॉगिननंतर लागू होतं. सुरक्षा अपडेट आपोआप बसतील असं मी ठेवलं आहे.

एका ग्राहकाची ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारी सॉफ्टवेअर प्रणाली) अजून फक्त एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची जुनी पद्धत, बोलते. त्याच्यासाठी टीएलएससह (जोडणी सांकेतिक करून) व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर वेगळ्या मशीनवर चालवतो. तोही सीएचरूटच वापरतो, आणि मूळ फोल्डर लिहिण्यासाठी उघडं असेल तर लॉगिन नाकारतो. ती अट शिथिल करणारी सेटिंग इंटरनेटवर सर्रास सुचवली जाते. ती चालू करू नका, आत एक वेगळं फोल्डर करून द्या.